शब्दार्थांची वही

आपली पिढी इंग्रजीला थेट पाचवीत भेटली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली; तोवर आपण शाळा सोडून कॉलेजात पोचलो होतो. फळ्यावरचे शब्दार्थ वहीत उतरवायचे, परीक्षेत लिहायचे आणि विसरायचे, हाच आपला शिरस्ता.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी त्याचा फटका बसला. 'रिडंडंट' म्हणजे काय ते न कळल्याने मी अख्खा तास गप्प बसले. शंका विचारावी, तर तीही इंग्रजीतच!

पुढे जीआरईसाठी मोठमोठ्या शब्दयाद्या घोकल्या. रोज पन्नास पाठ, आठवड्यात चाळीस विसरलेले. मग नॉर्मन लुईस यांचे 1949 सालचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हाती आले. त्यात शब्द मुळापासून शिकवले आहेत. लॅटिनमध्ये 'बेने' म्हणजे चांगले, 'माले' म्हणजे वाईट, 'व्होलो' म्हणजे मी इच्छितो. म्हणून 'बेनेव्होलंट' भले चिंतणारा, तर 'मॅलेव्होलंट' वाईट चिंतणारा.

तेव्हा आपल्या संस्कृतच्या बाई आठवल्या. धातू कळला की शब्द कळतो, असे त्या सांगायच्या. 'विद्' म्हणजे जाणणे. लॅटिन 'विदेरे', म्हणजे पाहणे, त्याच घराण्यातला. त्यातूनच 'एव्हिडन्स' आला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचे हे नाते सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडले होते.

घोकंपट्टी फक्त आपल्याच वाट्याला आली असेही नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. त्यांनीच सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी 1847 साली पुरा केला. म्हणजे साहेबालाही आपले शब्द शिकावे लागले. आपला मुंगूस तर 'मंगूस' होऊन इंग्रजीतच राहिला!

आपल्या वर्गातली एक मैत्रीण गणितात माझ्या पुढे होती. दहावीला ती इंग्रजीत दोनदा नापास झाली आणि तिचे शिक्षण सुटले. तिची बुद्धी कमी नव्हती. शब्दाला मूळ असते, हे आम्हा दोघींनाही तेव्हा ठाऊक नव्हते. मला ते नंतर कळले, एवढाच फरक.

म्हणून एक सुचवते. मेळाव्याच्या शिल्लक निधीतून शाळेच्या ग्रंथालयाला चांगले शब्दकोश देऊ या. आणि ते कपाटात कुलूपबंद राहणार नाहीत, हेही पाहू या.