तांब्याचा तळ आणि डेव्हीचे जस्त

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने 'अलार्म' या ३२ तोफांच्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचा पातळ पत्रा ठोकला आणि ते वेस्ट इंडीजच्या उष्ण समुद्रात पाठवले. लाकडी जहाजाला तिथे दोन शत्रू. एक लाकूड पोखरणारा टेरेडो. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. दुसरा शत्रू म्हणजे तळावर वाढणारे शेवाळ आणि बार्नेकल. कोकणात खडकांवरून अनवाणी चाललेल्या कुणालाही बार्नेकलची ओळख करून द्यायला नको. तळाला असा खडबडीत थर चढला की जहाजाचा वेग मंदावतो.

'अलार्म' १७६३ मध्ये तपासले, तेव्हा लाकूड शाबूत होते, तळही स्वच्छ होता. पण पत्र्याला लागून असलेले लोखंडी खिळे पार खाल्ले गेले होते. मात्र काही ठिकाणी पत्र्यांसोबत आलेला तपकिरी कागद तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये तसाच राहून गेला होता. तिथले खिळे टिकले होते! याचे कारण कुणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. व्होल्टाचा विद्युतघट यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. आज आपण म्हणू, की खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकलेले दोन धातू हा एक विद्युतघटच आहे. त्यात लोखंड इलेक्ट्रॉन सोडून झपाट्याने विरघळते आणि तांबे वाचते. कागदाने तो घट तोडला होता.

नौदलाने कागदावरच भिस्त ठेवली. १७७९ पासून सगळ्या आरमाराला तांबे लावण्याचा सपाटा सुरू झाला. पण कागद किती दिवस पाणी अडवणार? १७८२ च्या वादळात मोठी जहाजे बुडाली, तेव्हा संशय या गंजलेल्या खिळ्यांवरही गेला. मग खिळेही तांब्याचेच का नकोत? अडचण अशी, की शुद्ध तांबे मऊ. घण मारला की वाकते. उपाय मात्र पुण्याच्या तांबट आळीत कुणीही सांगितला असता. तांबट भांडे मठारतो तसतसे तांबे कडक होते आणि पुन्हा मऊ हवे असेल तर तो ते तापवतो. ठोकल्याने स्फटिकांच्या रचनेतले दोष एकमेकांत अडकतात व अणूंचे थर सहज घसरत नाहीत. तापवल्यावर नवे, निर्दोष स्फटिक तयार होतात. १७८३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या कारखानदारांनी थंड तांबे रुळांतून दाबून काढले आणि पुरेसे कडक खिळे बनवले.

आता राहिला प्रश्न खुद्द पत्र्याचा. समुद्राचे पाणी तांबेही हळूहळू खाते आणि पत्रे बदलणे महाग पडते. नौदलाने हम्फ्री डेव्हीला विचारले. १८२४ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे जे उत्तर मांडले ते आम्हाला रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या उत्तरांपैकी एक वाटते. लोखंडाचा घात करणारा तोच घट त्याने उलटा फिरवला. तांब्यापेक्षा सहज विरघळणारा धातू त्याला जोडा, म्हणजे तो विरघळेल आणि तांबे वाचेल. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरत होता. (वर्गात हे पाहायचे तर मिठाच्या पाण्याचे तीन पेले घ्यावेत. एकात नुसता लोखंडी खिळा, दुसऱ्यात तांब्याची तार घट्ट गुंडाळलेला, तिसऱ्यात जस्ताची पट्टी बांधलेला. दोन दिवसांनी मुलेच बोलू लागतील.)

प्रत्यक्ष जहाजांवर जस्ताऐवजी बहुधा बिडाचे तुकडे लावले गेले. ज्यांवर चाचणी झाली त्यांत कोचीनला सागवानात बांधलेले 'समारंग' हेही होते. तांबे वाचले, डेव्हीचे म्हणणे खरे ठरले. पण अशा जहाजांच्या तळांवर शेवाळ आणि बार्नेकल बिनधास्त वाढू लागले. तांब्याचे जे आयन पाण्यात विरघळत होते, तेच या जीवांना मारक होते. झीज थांबली आणि विषही संपले. १८२५ मध्ये समुद्रात फिरणाऱ्या जहाजांवरून हे तुकडे काढण्याचा हुकूम निघाला. डेव्हीची पुष्कळ टिंगल झाली. ती अन्यायाची होती असे आम्हाला वाटते, कारण त्याला प्रश्न विचारला गेला होता तो झिजेचा, स्वच्छतेचा नव्हे.

पुढची वाट एका कारखानदाराने काढली. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मंट्झने १८३२ मध्ये सुमारे ६० भाग तांबे आणि ४० भाग जस्त यांच्या पितळेचे पेटंट घेतले. इतके जस्त मिसळल्यावर पितळेत एक वेगळी स्फटिकरचना तयार होते. ती थंडपणी कडक, पण लालबुंद तापवली की लोण्यासारखी. त्यामुळे हे पितळ गरम असतानाच लाटता येई. पत्रा तांब्याहून स्वस्त पडे आणि तळ स्वच्छ ठेवण्यापुरता झिजतही राही. १८६९ च्या प्रसिद्ध 'कटी सार्क' जहाजाला हाच पत्रा होता.

पोलादी जहाजे आल्यावर पत्र्याचे दिवस सरले. पण आजही जहाजाच्या तळाला डेव्हीच्या तत्त्वावरचे जस्ताचे ठोकळे असतात, आणि बहुतेकदा क्युप्रस ऑक्साइडचा विषारी रंगही. त्या रंगाखाली आधी गंजरोधक थर देतात, म्हणजे तांबे आणि लोखंड यांची गाठ पडत नाही.