हौशी संग्राहकाचें कपाट

श्रोतेहो, इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि बखरी हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आज ज्या साधनाकडे मी आपलें लक्ष वेधणार आहें तें कोणत्याहि राजाच्या दफ्तरांत सांपडावयाचें नाहीं. तें हौशी छायाचित्रकाराच्या घरीं, कपाटाच्या वरच्या कप्प्यांत, बहुधा जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेलें असतें. मी बोलत आहें तें जुन्या कॅमेऱ्यांविषयीं. कोणाजवळ असे दोन कॅमेरे असतात, कोणाजवळ वीस. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या संग्रहाची तर ४,४२५ कॅमेऱ्यांचा संग्रह म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत नोंद झाली. अशा माणसास शेजारीपाजारी छांदिष्ट म्हणतात, आणि घरांतलीं माणसें जागा अडविल्याबद्दल कुरकुर करतात. ह्या छंदाचें मोल काय, याचा आज थोडा विचार करूं.

तारीख १९ ऑगस्ट १८३९ रोजीं दागेर याची छायाचित्रणाची कृति पॅरिस येथें जगापुढें उघड करण्यांत आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर त्याचें चित्र उमटे. तें एकच असे, त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडांत टॅल्बट यानें कागदावर उलटें चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ति शोधली. १८५१ सालीं आर्चर यानें ओल्या कांचेची रीत प्रसिद्ध केली. हींत कांचेवर लेप देणें, चित्र घेणें आणि तें धुणें हीं सर्व कामें लेप वाळण्यापूर्वीं उरकावीं लागत. त्यामुळें डोंगरावरचें देऊळ टिपावयाचें तर काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाण्याच्या घागरी हें सारें बिऱ्हाड पाठीशीं न्यावें लागे. तरीहि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रणाची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या हिंदी सभासदांपैकीं एक होते. म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार उशिरां आली असें नाहीं. मात्र ती सधन आणि सुशिक्षित अशा थोड्यांच्याच हातीं राहिली.

ती सामान्यांच्या हातीं देण्याचें श्रेय अमेरिकेंतील जॉर्ज ईस्टमन यास द्यावें लागतें. त्यानें १८८८ सालीं विक्रीस काढलेल्या कोडॅक पेटींत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. किंमत २५ डॉलर. चित्रें संपलीं म्हणजे पेटीच कारखान्याकडे धाडावयाची; दहा डॉलरांत चित्रें तयार होऊन, नवी गुंडाळी घातलेली पेटी परत येई. पुढें १९०० सालीं त्याच कंपनीनें ब्राउनी नांवाची पुठ्ठ्याची पेटी अवघ्या एका डॉलरास विकली. ह्या स्वस्ताईचा परिणाम केवळ व्यापारी नव्हता. तोंवर चित्र काढून घेण्याचा मान राजेरजवाडे, पदवीधर आणि लग्नाचीं जोडपीं यांचा. आतां अंगणांत खेळणारें पोर आणि जात्याशीं बसलेली आजी यांनाहि तो मिळण्याची वाट मोकळी झाली. म्हणून संग्राहकाच्या कपाटांतील ती फाटकी पुठ्ठ्याची पेटी मला सोन्याच्या मोहोरेहून कमी मोलाची वाटत नाहीं.

यानंतरची पायरी जर्मनींतील. वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक यानें चलच्चित्राची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन तीवर २४ बाय ३६ मिलिमीटरांचें चित्र घेणारा छोटा कॅमेरा बनविला. पहिलें महायुद्ध मध्यें आलें, आणि १९२५ सालच्या लाइपझिगच्या जत्रेंत तो लायका ह्या नांवानें लोकांपुढें आला. खिशांत मावणारें हें यंत्र घेऊन छायाचित्रकार रस्त्यावर उतरला. १९२९ सालीं दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स आला, आणि १९५९ सालीं जपानचा निकॉन एफ. आपल्याकडे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक तीन कित्येक मध्यम स्थितींतील घरांत पहिला कॅमेरा म्हणून शिरला, आणि उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स ह्या सरकारी कारखान्याची इंदु फिल्म दुकानांतून मिळूं लागली. क्लिकमध्यें एका गुंडाळीवर बाराच चित्रें निघत. सहलीस निघालेला गृहस्थ तीं बारा चित्रें कशी काटकसरीनें खर्चीत असे, हें त्या पिढीच्या लोकांना सांगावयास नको.

आतां डिजिटल कॅमेऱ्याकडे वळूं. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत बॉइल आणि स्मिथ यांनीं, पुढें प्रकाशाचें विजेच्या संकेतांत रूपांतर करण्यास उपयोगी पडलेली सीसीडी नांवाची चकती शोधली. डिसेंबर १९७५ मध्यें कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्यानें तिच्या साह्यानें पहिला हातीं धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळविला. वजन सुमारें साडेतीन किलो. चित्रांत फक्त दहा हजार ठिपके. आणि एक चित्र फितीवर नोंदण्यास २३ सेकंद! १९९१ सालीं निकॉनच्या देहांत कोडॅकनें आपली चकती बसवून वृत्तपत्रांसाठीं कॅमेरा विकला. १९९५ सालीं कॅसिओच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र पाहण्याचा पडदा आला, आणि १९९७ सालीं सोनीचा मॅव्हिका चित्रें फ्लॉपीवर उतरवूं लागला. ज्या कंपनीच्या घरांत हें बाळ जन्मलें, तिनेंच जानेवारी २०१२ मध्यें दिवाळखोरीचें संरक्षण मागितलें, हा दैवदुर्विलास इतिहासाच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

येथें संग्राहकापुढें एक चमत्कारिक कोडें उभें राहतें. नव्वद वर्षांचा रोलायफ्लेक्स आजहि नवी फिल्म घालून चालवितां येतो, कारण त्याचें सारें कार्य स्प्रिंगा आणि दांते यांवर चालतें, आणि १२० ची गुंडाळी आजहि विकत मिळते. ६२० ची गुंडाळी बंद झाली, तरी तिची रुंदी १२० इतकीच असल्यामुळें हौशी लोक काळोखांत फिल्म जुन्या चकरीवर गुंडाळून काम भागवितात. उलट पंचवीस वर्षांचा डिजिटल कॅमेरा बहुधा मुका होऊन पडतो. त्याची विजेरी त्याच नमुन्याची लागते आणि ती निघेनाशी झालेली असते. त्याचें स्मृतिपत्र वाचणारें यंत्र मिळत नाहीं. तार हरवलेली असते. थोरला भाऊ धडधाकट आणि धाकटा आधीं अंथरुणास खिळलेला, असा हा प्रकार. म्हणून डिजिटल कॅमेरा जपावयाचा असेल, तर त्याचा चार्जर, तार, स्मृतिपत्र आणि माहितीपुस्तिका हीं सर्व एका डब्यांत त्याच्याबरोबरच ठेवलीं पाहिजेत. विजेरी मात्र काढून ठेवावी. ती आंत पाझरली म्हणजे यंत्राचा घात करते.

फिल्मच्या कॅमेऱ्यांनाहि शत्रू आहेत. आपल्या कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत भिंगावर बुरशी चढते, आणि ती कांचेवरील लेप खाऊन टाकते. कातडी पिशवी दिसावयास सुंदर, पण ती ओल धरून ठेवते. म्हणून कॅमेरा तींतून बाहेर काढून कोरड्या जागीं ठेवावा, आणि महिन्यांतून एकदां त्याची झडप चालवून पाहावी. जुन्या कॅमेऱ्यांत कधीं कधीं न धुतलेली गुंडाळी सांपडते. कुतूहलानें पाठ उघडूं नका! प्रकाश लागतांच कुणाच्या तरी घरचीं माणसें कायमचीं पुसलीं जातील. कोडॅक्रोम ह्या प्रसिद्ध फिल्मचे रंग आतां परत आणतां येत नाहींत, कारण ती २००९ सालीं बंद झाली आणि ती धुणारी अखेरची प्रयोगशाळाहि २०१० च्या अखेरीस थांबली; तरी जाणता माणूस तींतून काळेंपांढरें चित्र काढूं शकतो.

तथापि बुरशीहून मोठा शत्रू विस्मृति हा आहे. संग्राहक निवर्तला कीं त्याचें कपाट वारसांना ओझें वाटूं लागतें, आणि वजनावर सौदा होऊन सारें जुन्या बाजारांत जातें. तेथें कॅमेरा कदाचित् वांचतो. पण तो कोणी घेतला, कोणत्या पगारांतून घेतला, त्यानें कोणाचें बारसें आणि कोणाची अखेरची यात्रा टिपली, ही हकीकत कायमची बुडते. हकीकतीवांचून यंत्र म्हणजे लेख घासून गेलेला शिलाखंड. तज्ज्ञ त्याचा काळ सांगेल, पण माणूस सांगूं शकणार नाहीं. गुरुग्राम येथें छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्या संग्रहांतून २०१९ सालीं म्युझिओ कॅमेरा हें संग्रहालय उभें राहिलें. एका माणसाचा छंद लोकांची ठेव कसा होतो याचें तें उदाहरण होय. प्रत्येकास संग्रहालय उभारतां येणार नाहीं. परंतु प्रत्येक कॅमेऱ्याच्या गळ्यांत एक चिठ्ठी बांधणें कोणास अशक्य आहे? यंत्राचें नांव, घेतल्याचें साल, दिलेली किंमत, वापरणाऱ्याचें नांव आणि त्यानें घेतलेल्या एखाद्या चित्राची कागदावर छापलेली प्रत, एवढें पुरे.

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं एखादा जुना कॅमेरा पडून असेल, त्यांनीं येत्या रविवारीं तो खालीं काढावा, आणि घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ बसून त्याची हकीकत लिहून घ्यावी. कॅमेरा अजून कांहीं वर्षें थांबेल. सांगणारें माणूस थांबेलच असें नाहीं. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.