‘बास’ : एका शब्दाची दोन घरे

कामगारांच्या सभांतून ‘बॉस’ हा शब्द आम्ही आजवर असंख्य वेळा उच्चारला असेल. तो अस्सल इंग्रजी, अशीच आमची समजूत होती. पुढे वाचनात आले की, त्याचे माहेर हॉलंडात आहे. डच भाषेत ‘बास’ म्हणजे कारागिरांचा मुख्य, धनी. व्यापाराच्या व कारागिरीच्या संबंधांतून तो स्वीडिश भाषेतही गेला. हे संबंध निकटचे होते. १६२१ साली वसलेल्या गोटेनबर्ग शहराची आखणी डच जाणकारांनीच केली.

शब्द एक, पण त्याचे नशीब ठिकठिकाणी निराळे निघाले.

अमेरिकेतील डचांची न्यू ॲमस्टरडॅम वसाहत १६६४ साली इंग्रजांनी घेतली व तिचे न्यूयॉर्क झाले. राज्य गेले, शब्द राहिला. एकोणिसाव्या शतकात तेथील गोऱ्या मजुरांना ‘मास्टर’ म्हणणे नकोसे झाले, कारण गुलामही आपल्या धन्याला तेच म्हणत. त्यांनी ‘बॉस’ पसंत केला. कादंबरीकार कूपर याने १८३८ साली त्यांची थट्टा केली : अहो, त्याचाही अर्थ तोच!

दक्षिण आफ्रिकेत डचांनी १६५२ साली ठाणे घातले. तेथे ‘बास’ हे काळ्या मजुराने गोऱ्या माणसाला करावयाचे संबोधन बनले. १९५४ ते १९५८ या काळात पंतप्रधान असलेल्या स्ट्रायडमने गोऱ्यांच्या वर्चस्वाला ‘बासस्काप’, म्हणजे धनीपणा, हेच नाव उघडपणे दिले. १९९४ साली सर्वांना मताधिकार मिळाला, तेव्हा ती राजवट संपली.

आता स्वीडनकडे पाहा. तेथील बांधकामावर ‘लागबास’ म्हणजे मजुरांच्या तुकडीचा म्होरक्या. त्याला तुकडीतले मजूर आपल्यातूनच निवडतात. उक्त्या कामाच्या दराची बोलणी तो त्यांच्या वतीने करतो. म्हणजे जो शब्द एकीकडे मान खाली घालून उच्चारावा लागे, तोच दुसरीकडे आपल्या माणसाला आपण दिलेला मान ठरला.

आपला ‘मुकादम’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘पुढे केलेला’. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर नोकरी देई आणि तिच्यासाठी दस्तुरीही घेई, कारण त्याला पुढे केले होते मालकाने. म्हणून कोणाचेही पद ऐकले की आम्ही प्रथम एकच विचारतो : याला पुढे कोणी केले?