वैद्यकीय इच्छापत्र

असाध्य आजारात बोलण्याची वा निर्णय घेण्याची शक्ती न उरल्यास कोणते उपचार करू नयेत, हे सज्ञान व्यक्तीने आधीच नमूद केलेला लेख. विदर्भात अशा लेखावाचूनही रुग्णेच्छा पाळली गेली आहे. पवनार येथे नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबा भावे यांनी अन्न व औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबर रोजी देह ठेवला. आपला नकार ते स्वतः व्यक्त करू शकत होते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांना ते शक्य नव्हते. १९७३ मधील हल्ल्यात मेंदूस इजा झाल्यापासून २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या तेथेच अंथरुणास खिळून होत्या. त्यांचे पोषण थांबवावे, हा पिंकी विराणी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचे मत ग्राह्य धरले. खुद्द अरुणा यांची इच्छा जाणण्याचा मार्गच नव्हता.

याच न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी इच्छापत्रास मान्यता दिली. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या प्रतिस्वाक्षरीची अट मात्र जाचक होती. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. पातूरसारख्या तालुक्याच्या गावातील वृद्धांस ही सोय विशेष उपयोगी होय. उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांचा अभिप्राय लागतो. वेदनाशमन व शुश्रूषा अखेरपर्यंत चालू राहते.