रोमचा सोनार आणि सोन्याचा रवा

आमच्या सोनारांच्या बोलीत ‘रवा’ असा एक शब्द आहे. दिवाळीच्या दिवसांत तो ऐकून वाचक भगिनींच्या डोळ्यांपुढे लाडवांची परात उभी राहणार, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा: हा रवा सोन्याचा. मोहरीहूनही कितीतरी बारीक असे सोन्याचे गोल कण पत्र्यावर एकेक बसवून नक्षी उठवायची, ते रवाकाम. या रव्याने एकोणिसाव्या शतकात रोममधील एका सोनार घराण्याला पुरते झपाटून टाकले होते.

फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी याने १८१४ साली रोममध्ये पेढी घातली. प्रारंभी माल चारचौघांसारखाच, फ्रेंच आणि इंग्रजी धाटणीचा. पुढे १८३६ साली चेर्वेतेरी येथे एक एत्रुस्कन थडगे उघडले गेले. इ. स. पूर्व सातव्या शतकातले ते सोने कास्तेल्लानींना जवळून पाहावयास मिळाले आणि पेढीची दिशाच पालटली. मिकेलांजेलो काएतानी या विद्वान सरदाराच्या सल्ल्याने बाप आणि आलेसांद्रो व आउगुस्तो हे दोघे मुलगे जुन्या नमुन्यांवरून नवी कर्णभूषणे घडवू लागले.

त्यांतला एक नमुना मोठा गमतीचा. सोन्याची पट्टी वळवून केलेली ती जणू चिमुकली पेटीच. इटालियन लोक तिला पेटीचेच नाव देतात. दर्शनी बाजूवर फुले, तारेची वळणे आणि सर्वत्र रवा. आकार साधला, फुलेही साधली. रवा मात्र साधेना. अडचण अशी, की नेहमीचा डाख वितळला म्हणजे पसरतो, कणांमधल्या फटी बुजवतो आणि दाण्यांची रांग पुसट होऊन जाते. पुरातन कामात तर पाव मिलिमीटरहूनही बारीक कण सुटे सुटे दिसत!

शेवटी मार्के प्रांतातील सांत आंजेलो इन वादो या डोंगरी गावात, खेडवळ बायकांचे दागिने घडविणारे कारागीर त्यांना सापडले. जुन्या हातोटीचा काही अंश तेथे टिकून होता. त्यांना रोमला आणले. टाकणखाराऐवजी सोमलाचे क्षार वापरले, डाख कानशीने धुळीसारखा बारीक केला. आणखी एक गोष्ट आलेसांद्रोने लिहून ठेवली आहे, ती पुरुष वाचकांनीही ध्यानात घ्यावी. इतके नाजूक काम प्राचीन काळी स्त्रियांनीच केले असले पाहिजे असे ठरवून त्याने रवा बसविण्याचे काम हुशार स्त्रियांवर सोपविले, आणि फळ उत्तम आले. त्या स्त्रियांची नावेही त्याने लिहिली असती तर! तरीही प्राचीनांजवळ काही निराळी रासायनिक युक्ती असली पाहिजे, अशी कबुली त्याने दिलीच.

१८५९ साली राजकारणापायी आलेसांद्रोला रोम सोडावे लागले. पेढी आउगुस्तोने चालविली. १८६२ च्या लंडनमधील प्रदर्शनात त्यांच्या कामाचे कौतुक झाले आणि एत्रुस्कन धाटणीची कुंडले युरोपात मिरवू लागली.

रव्याची गाठ सुटली ती लिटलडेल या इंग्रज गृहस्थाच्या हातून, १९३३ च्या सुमारास. दोघे भाऊ तेव्हा हयात नव्हते. युक्ती ऐकाल तर हसाल. तांब्याचा क्षार आणि सरस! त्या मिश्रणाने कण चिकटवायचे आणि तापवायचे. सरसाचा कोळसा होतो, तो तांब्याच्या भस्मातला प्राणवायू ओढून घेतो, आणि मोकळे झालेले तांबे सुमारे ८९० अंशांवर सोन्याशी एकजीव होते. शुद्ध सोने वितळायला १०६४ अंश लागतात, तेव्हा कणांचा आकार ढळत नाही. फट बुजवायला डाखच नाही. एत्रुस्कन सोनारांची रीत याच जातीची असावी असे मानतात.

माझ्या मते कास्तेल्लानींची कुंडले जरा अधिकच रेखीव आहेत; जुन्या दागिन्यांत हाताचा किंचित डळमळीतपणा असतो, तो येथे नाही. पण फसवणुकीचा आरोप या नक्कलकामावर करता येणार नाही, कारण एकमेकांत गुंतलेल्या दोन ‘सी’ अक्षरांची मुद्रा ते आपल्या मालावर उमटवीत. १९१९ साली आउगुस्तोच्या मुलाने घराण्याचा संग्रह सरकारला दिला. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात थडग्यांतले दागिने आणि कास्तेल्लानींनी घडविलेले दागिने आज एकाच छपराखाली पाहावयास मिळतात.