भुसावळचा कंट्रोल

भुसावळ जंक्शनवर तीन मुख्य मार्ग एकत्र येतात: मनमाड-इगतपुरीकडून मुंबईचा, खंडव्याकडून इटारसीचा आणि अकोला-बडनेऱ्याकडून नागपूरचा. चौथा, सुरतेचा मार्ग, भुसावळपासून मुंबईच्या बाजूला चोवीस किलोमीटरवर जळगावला मिळतो. वेळापत्रक छापणे सोपे असते. कोणती गाडी कधी उशिरा येईल, कोणती मालगाडी आयत्या वेळी निघेल, कुठे रिकामे डबे लागतील, हे छापता येत नाही. त्यामुळे या मार्गांवरचा क्रम रोज नव्याने लावावा लागतो, आणि तो लावण्याचे साधन म्हणजे एकमेकांना धाडलेले संदेश.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० च्या दशकात खान्देशात आली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले होते तो हा काळ. १८६७ मध्ये नागपूरचा मार्ग पुरा झाला आणि १८७० मध्ये जबलपूरला या कंपनीचे रूळ ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळांना भेटले. १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्यातून सुरत-अमळनेर-जळगाव मार्ग सुरू झाला. चाळीसगाव-धुळे फाटाही त्याच सुमाराचा. पाचोरा-जामनेरची नॅरोगेज पुढे आली, आणि खंडव्याला मीटरगेज येऊन थांबत होतीच. म्हणजे थोड्याशा टापूत तीन रुंदींचे रूळ झाले आणि वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या धावू लागल्या. प्रत्येक कंपनीची हिशेबवही स्वतंत्र, कारभारी स्वतंत्र. जिथे रूळ जुळत नसत तिथे गाठोडी हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जात.

घड्याळेही जुळत नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे तीस मिनिटे मागे होती. १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबई शहराने मात्र आपली वेळ त्यानंतरही बरीच वर्षे सोडली नाही.

अशा परिस्थितीत रेल्वेने संदेशांचे दोन वर्ग केले. संगणक येण्याच्या कितीतरी आधी झालेली ही विभागणी सगळ्या कारभाराच्या मुळाशी आहे. पहिला वर्ग, ज्याचे उत्तर आल्याशिवाय चाक हलत नाही. ‘लाइन क्लिअर’, म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची परवानगी, या वर्गातली. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनाच्या मास्तराने घंटेच्या ठरलेल्या ठोक्यांनी होकार दिला आणि त्याने आपल्या यंत्राची मूठ फिरवली, तरच अलीकडच्या स्टेशनातल्या यंत्रातून लोखंडी गोळा सुटे. तो गोळा कड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हाती दिला जाई. गोळा नाही तर गाडी नाही. इथे रांग लावून चालत नाही. विचारणारा उत्तर येईपर्यंत थांबूनच राहतो.

दुसरा वर्ग वाट पाहू शकणाऱ्या संदेशांचा. अमुक स्टेशनला इतके रिकामे डबे हवेत, तमुक डबा दुसऱ्या रेल्वेकडे गेला, माल उतरला. हे तारेने जात आणि पलीकडचा बाबू फुरसत मिळाली की हाती घेई. अपघाताचा संदेश आला तर बाकीचे सगळे मागे सरत. एरवी संदेश पडून राहिल्याने काही कोसळत नसे. आजचे संगणकशास्त्र ज्याला मेसेज क्यू म्हणते तिचे काम नेमके हेच आहे: पाठवणाऱ्याने संदेश ठेवून आपल्या कामाला लागावे, घेणाऱ्याने सवडीने उचलावे, आणि मध्ये काही हरवू नये.

हरवण्याचा प्रश्न खरा होता तो डब्यांचा. एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर महिनोन्‌महिने अडकून पडे. त्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे कंपन्यांच्या परिषदेने, म्हणजे इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनने, देवाणघेवाणीचे समान नियम केले. परक्या डब्याचे भाडे ठरले. जंक्शनांवर डबा सुस्थितीत आहे की मोडका, हे सांगणारे तटस्थ तपासनीस नेमले गेले. दोन्ही कंपन्यांना मान्य असलेला, पण कोणाच्याच बाजूचा नसलेला हा मधला माणूस. आजच्या मिडलवेअरचे, म्हणजे दोन संगणक यंत्रणांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे, स्थानही असेच मधले असते.

यानंतरची पायरी कंट्रोलची. एका खोलीत बसलेला सेक्शन कंट्रोलर टेलिफोनच्या एकाच तारेवर आपल्या टापूतली सगळी स्टेशने ऐकतो. समोर पूर्वी मोठा कागद असे: आडव्या अंगाने तास आणि मिनिटे, उभ्या अंगाने स्टेशने. मास्तर गाडीची सुटण्याची वेळ सांगे, कंट्रोलर पेन्सिलने रेघ पुढे ओढे. मेल, पॅसेंजर, मालगाडी यांचे रंग वेगळे. उभट रेघ म्हणजे वेगवान गाडी, आडवी रेघ म्हणजे उभी राहिलेली. दोन रेघा कुठे छेदणार हे आधीच दिसे, आणि तिथल्या मास्तराला मालगाडी बाजूच्या लूपवर घ्यायला सांगितले जाई. या चार्टवर एका नजरेत जे कळे ते तारांच्या गठ्ठ्यातून कधीच कळले नसते. खान्देशच्या रेल्वेकामातली सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असे विचारले तर हाच कागद पुढे करावा लागेल.

कंट्रोलच्या हद्दी मात्र राहिल्या. १९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे स्थापन झाल्या तेव्हा जळगाव स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आले आणि सुरतेकडचा मार्ग पश्चिम रेल्वेकडे गेला. तो मार्ग २०१८ च्या सुमारास दुहेरी होईपर्यंत मुख्यतः एकेरीच होता. तिकडे क्रॉसिंगला खोळंबलेली गाडी जळगावात कधी पोहोचेल, हे भुसावळला पलीकडच्या कंट्रोलला विचारूनच कळे. चाळीसगावला मुंबईच्या गाडीला जोडल्या जाणाऱ्या धुळ्याच्या डब्यांची गतही तीच. फाट्यावरची गाडी रखडली की मुख्य मार्गाची गाडी थांबवायची की डबे मागे ठेवायचे, हे ठरवावे लागे.

सगळ्यात कठीण काम केळीचे. रावेर, सावदा, निंभोरा ही खंडवा मार्गावरची स्टेशने दिल्लीच्या बाजाराला केळी पाठवत आली. डब्यांची मागणी, म्हणजे इंडेंट, स्टेशनातून विभागाकडे जाते. रिकामे डबे भलतीकडून येतात. घड हिरवाच कापावा लागतो आणि तो कापायचा कधी हे डबे कधी लागणार यावर ठरते. डबे लवकर आले तर भरायला माल नाही आणि वेळ उलटली की डेमरेज, म्हणजे डबा अडवून ठेवल्याचा दंड. उशीर झाला तर कापलेला घड बांधावर पिकू लागतो. इथे रेल्वेचा संदेश वाट पाहू शकतो, पण माल वाट पाहू शकत नाही. ट्रकने रेल्वेवर मात केली ती याच जागी. ट्रक थेट बांधापर्यंत येतो आणि त्याला कुणाकडून लाइन क्लिअर घ्यावी लागत नाही.

पुढे संगणक आरक्षणात आला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद इथल्या पाच स्वतंत्र आरक्षण यंत्रणा १९९९ मध्ये ‘कॉन्सर्ट’ या जाळ्याने जोडल्या गेल्या. मधले काम ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ नावाचे मिडलवेअर करी. मुंबईच्या यंत्रणेवर चालणाऱ्या खिडकीवर दिल्लीच्या यंत्रणेतल्या गाडीचे तिकीट मागितले, की विनंती योग्य यंत्रणेकडे जाई आणि उत्तर त्याच खिडकीवर परत येई. वाटेत तार तुटली तरी एकच जागा दोघांना विकली जाऊ नये, ही त्याची जबाबदारी. मालगाड्यांसाठी ‘फॉइस’ आली, कंट्रोलसाठी ‘कंट्रोल ऑफिस ॲप्लिकेशन’. कागदाचा चार्ट पडद्यावर गेला, आणि प्रवाशाला फोनवर दिसणारी गाडीची जागा आता याच नोंदींतून येते.

ऑगस्ट २०२० मध्ये पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला निघाली, ती भुसावळ विभागातूनच. त्यानंतर रावेर-सावद्याची केळीही किसान रेलने दिल्लीकडे जाऊ लागली. केळीची गाडी आधी काढायची की कोळशाचा रेक, हे अजूनही ड्यूटीवरचा कंट्रोलरच ठरवतो.