पहिले अक्षर गळाले तर?

संगणक-कक्षात तास सुरू झाला की पहिली काही मिनिटे कशात जातात, हे आपण सारे शिक्षक जाणतो. प्रत्येक यंत्रावर तेच ते : अमुक ठिकाणी जा, तमुक आज्ञा द्या, मराठी टंक निवडा. ही मांडामांड यंत्रानेच का करू नये?

हा प्रश्न साठ वर्षांचा आहे. १९६३-६४ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लुई पूझँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यावर सोपा उपाय काढला. नेहमीच्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायच्या आणि ‘रनकॉम’ म्हटले की यंत्राने त्या एकामागून एक पाळायच्या. युनिक्समधील कित्येक फाइलींच्या नावाअखेर दिसणारी ‘आरसी’ ही अक्षरे या रनकॉमचीच. १९७९ च्या युनिक्समध्ये प्रवेश करताच ‘प्रोफाइल’ नावाची फाइल आपोआप वाचली जाई. १९८१ मध्ये आलेल्या डॉसमधील ‘ऑटोएक्झेक’ फाइलही त्याच जातीची.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. अंधेरी-पार्ल्याच्या पश्चिमेला, जुहू येथे १९८५ मध्ये एनसीएसटी ही संस्था स्थापन झाली (२००३ मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली). १९८६-८७ च्या सुमारास ही संस्था आणि पवईच्या तलावाकाठची आयआयटी यांच्यात ई-मेल सुरू झाली, तीही साध्या टेलिफोनवरून. त्यासाठी वापरात असलेल्या युयूसीपी पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी. पलीकडून काय विचारले जाईल आणि आपण काय उत्तर द्यायचे, हे फाइलीत आधीच लिहिलेले असे : ‘लॉगिन’ दिसेपर्यंत थांबा, मग नाव पाठवा, ‘पासवर्ड’ दिसला की परवलीचा शब्द पाठवा.

यात एक मौज होती. जाणकार मंडळी फाइलीत ‘लॉगिन’ हा पूर्ण शब्द लिहीत नसत. त्याचे पहिले इंग्रजी अक्षर मुद्दाम गाळत. कारण काही यंत्रे ते अक्षर मोठ्या लिपीत पाठवत, काही लहान. शिवाय तारेवरच्या खरखरीत ते हरवण्याचीही भीती. माणूस अर्ध्या शब्दावरून अर्थ लावतो. यंत्र मात्र न आलेल्या अक्षराची वाट पाहत बसते.

म्हणजे काम यंत्रावर सोपवले तरी विचार सोपवता येत नाही. कोठे काय बिघडेल, हे यादी करणाऱ्यालाच आधी ओळखावे लागते. यादीत एक ओळ चुकली, तर ती चूकही रोज सकाळी बिनबोभाट घडत राहते. विद्यार्थ्याला तयार फाइल दिली तर त्याचा वेळ वाचतो, पण आत काय चालले आहे हे त्याला कधीच कळत नाही.

म्हणून एक प्रयोग सुचवतो. एका विद्यार्थ्याला संगणक सुरू करून कामाला लागेपर्यंतच्या पायऱ्या कागदावर लिहू द्या. दुसऱ्याने त्या शब्दशः पाळाव्यात, स्वतःचे डोके न चालवता. तो कोठे अडतो ते सर्वांनी पाहावे आणि मगच ती यादी फाइलीत उतरवावी.